रेडियम : मातीतलं, हाडातलं, हवेतलं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांचे अनेक विद्यार्थी आज इथे बसले आहेत. जी गोष्ट मोजता येते तिच्याबद्दल न मोजता मत देऊ नये, हा सरांचा आग्रह तुम्ही माझ्याआधीपासून ऐकत आला आहात. आजचा विषय निवडताना तोच आग्रह माझ्या मनात होता. किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. अणुभट्टीचं नाव निघालं की घबराट, आणि पायाखालच्या जमिनीतून, विंधन विहिरीतून, घराच्या भिंतीतून येणाऱ्या किरणोत्सर्गाबद्दल संपूर्ण बेफिकिरी. दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण मोजत नाही.

आज मी एकाच मूलद्रव्याबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे रेडियम. गाड्यांच्या मागे अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांना आपण सर्रास रेडियम म्हणतो. त्यांत रेडियमचा कणही नसतो, समोरून आलेला उजेड त्या फक्त परत फेकतात. खरं रेडियम जमिनीत आहे आणि ते कुणीही तिथे नेऊन टाकलेलं नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. रेडियम धोकादायक आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ते किती आहे, कुठे आहे, आणि तिथून आपल्या शरीरात शिरायला त्याला वाट आहे का, हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात. त्यांची बरीचशी उत्तरं आज आपल्या हाती आहेत, आणि त्यांची किंमत कामगारांनी जीव देऊन मोजली आहे. ती उत्तरं वापरायची नाहीत असं ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मातीत

१८९८ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी गुस्ताव्ह बेमाँ यांच्यासह रेडियमचा शोध जाहीर केला. त्यांचा कच्चा माल होता बोहेमियातल्या योआखिमस्टाल इथल्या खाणीतलं पिचब्लेंड. युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला, कुणालाच नको असलेला चोथा. तो टनावारी आणायचा, मोठाल्या भांड्यांत उकळायचा, गाळायचा, पुन्हा पुन्हा स्फटिक करायचे. १९०२ पर्यंत या सगळ्या कष्टांतून हाती आलं ते सुमारे दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड.

रेडियम इतकं दुर्मीळ का? युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे साडेचार अब्ज वर्षं आहे. त्याच्या विघटनाच्या साखळीत पुढे कधीतरी रेडियम-२२६ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य फक्त १,६०० वर्षं. त्यामुळे ते जमिनीत साठत जात नाही, जेवढं तयार होतं तेवढंच विघटन पावतं. जुन्या, न ढवळलेल्या खडकात एक टन युरेनियमामागे जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम रेडियम सापडतं. थोरियमच्या साखळीत त्याचा एक भाऊबंद आहे, रेडियम-२२८. त्याचं अर्धायुष्य पावणेसहा वर्षांचं.

साध्या मातीत किती असतं? जगभरच्या मोजण्यांची सरासरी काढली तर किलोमागे ३० ते ३५ बेकरेल. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन. म्हणजे तुमच्या कुंडीतल्या किलोभर मातीत दर सेकंदाला रेडियमचे तीसेक अणू फुटत असतात. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण वजनात सांगायचं तर एक टन मातीतलं सगळं रेडियम एक मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. ग्रॅनाइटमध्ये हे प्रमाण जास्त असतं, बेसाल्टमध्ये कमी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर वसला आहे तो बेसाल्टच. त्यात युरेनियम कमी, म्हणून रेडियमही कमी. पूर्व विदर्भात मात्र ग्रॅनाइट आणि पट्टिताश्माचे फार जुने खडक वर येतात. तिथलं गणित वेगळं असणार, आणि ते तिथेच मोजायला हवं.

रेडियम-२२६ चा अणू फुटताना अल्फा कण बाहेर टाकतो. अल्फा कण जड आणि आखूड पल्ल्याचा असतो. हवेत काही सेंटिमीटर गेला की थांबतो. कागदानं अडतो, आपल्या त्वचेच्या वरच्या मृत थरानंही अडतो. त्यामुळे अंगाबाहेरचा अल्फा कण जवळजवळ निरुपद्रवी. साखळीतल्या पुढच्या अणूंचे गॅमा किरण बाहेरूनही शरीरात शिरतात, पण साध्या मातीतून येणारी त्यांची मात्रा थोडी असते. मात्र तोच अल्फा कण शरीराच्या आत सुटला, तर मध्ये मृत थर नसतो. सगळी ऊर्जा तो मोजक्या पेशींच्या अंतरात ओततो आणि डीएनएचे दोन्ही धागे एकदम तोडू शकतो. अशी तूट पेशीला नीट सांधता येत नाही. या विषयातला धोका आत-बाहेरच्या या फरकात आहे.

हाडात

आवर्त सारणीत रेडियम कॅल्शियमच्याच उभ्या ओळीत येतं. शरीर त्याला कॅल्शियमप्रमाणे वागवतं. पोटात गेलेल्या रेडियमपैकी साधारण पाचवा भाग रक्तात शोषला जातो, आणि त्यातलं जे बाहेर टाकलं जात नाही ते हाडात जाऊन बसतं. हे आपल्याला कळलं ते घड्याळांच्या तबकड्यांवरून.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अंधारात वेळ दाखवणाऱ्या घड्याळांना सैन्यातून मोठी मागणी आली. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण मुली तबकड्या रंगवत. झिंक सल्फाइडच्या पुडीत अत्यल्प रेडियम मिसळलेलं, त्यात पाणी आणि डिंक. ब्रश उंटाच्या केसांचा. आकड्याची बारीक रेघ काढता काढता ब्रशचं टोक पसरे. ते ओठांत धरून टोकदार करायचं, रंगात बुडवायचं, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. मुलींना तसंच शिकवलं जाई. याच कंपनीच्या प्रयोगशाळेत रेडियम हाताळणारी माणसं शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत. मुलींच्या टेबलावर यातलं काहीही नव्हतं. ग्रेस फ्रायर या कामगार तरुणीनं पुढे सांगितलं की नाक शिंकरल्यावर तिचा रुमाल अंधारात चमके.

याच कारखान्यातल्या अमेलिया मॅजियाची हकिगत या सगळ्यांत आधीची. दातदुखीनं सुरुवात झाली. दात काढला, पण जखम भरेना. दुसरा काढला, तीही भरेना. जबड्याचं हाड आतून इतकं कुजलं होतं की डॉक्टरांनी नुसता हात लावताच ते सुटून आलं. सप्टेंबर १९२२ मध्ये ती रक्तस्रावानं गेली. वय २४. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं सिफिलिस. म्हणजे जीव गेला आणि वर नावालाही बट्टा लागला. पाच वर्षांनी, १९२७ मध्ये, तिचा देह उकरून काढून हाडं तपासली. ती किरणोत्सारी होती. सिफिलिसचा मागमूसही नव्हता. तिच्या दोन बहिणी, क्विंटा आणि अल्बिना, याच कारखान्यात काम करून आजारी पडल्या होत्या. ग्रेस फ्रायरसह पाच जणींनी कंपनीवर खटला भरला, त्यांत या दोघी होत्या.

कंपनीला काही कळलंच नव्हतं, असं म्हणता येत नाही. हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर यांनी कंपनीच्याच सांगण्यावरून पाहणी करून आजाराचा संबंध रेडियमशी असल्याचं कळवलं होतं. कंपनीनं राज्याच्या कामगार खात्यापुढे मात्र त्याचं उलटंच चित्र ठेवलं. १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड या वैद्यकीय अधिकाऱ्यानं मुलींच्या शरीरातला आणि श्वासातला किरणोत्सर्ग मोजून संबंध उघड केला. १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख आणि हयात असेपर्यंत वर्षाला ६०० डॉलर. ग्रेस फ्रायर १९३३ मध्ये वारली.

त्याच काळात रेडियम औषध म्हणूनही विकलं जात होतं. रेडिथॉर नावाच्या छोट्या बाटल्यांत खरोखरचं रेडियम विरघळवलेलं असे. एबेन बायर्स हा श्रीमंत उद्योगपती आणि गोल्फपटू कैक महिने तेच पीत राहिला. १९३२ मध्ये जबडा गमावून तो मेला तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी छापली आणि सरकारनं अशा औषधांवर कडक नजर ठेवायला सुरुवात केली. कामगार मुली गेल्या तेव्हा जी हालचाल वर्षानुवर्षं झाली नाही, ती एका धनिकाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत झाली. कुणाच्या दुखण्याकडे समाजाचं लक्ष आधी जातं, याचा हा दाखला आपल्यालाही आरसा दाखवणारा आहे.

या कामगारांमुळे विज्ञानाच्या हाती काय आलं ते सांगतो. रॉबली इव्हान्स या शास्त्रज्ञानं अशा माणसांच्या शरीरातलं रेडियम मोजण्याची पद्धत बसवली. १९४१ मध्ये शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल याची पहिली मर्यादा ठरली, ०.१ मायक्रोग्रॅम. ती ठरवताना समितीच्या सदस्यांपुढे प्रश्न होता की इतकं रेडियम आपल्या पत्नीच्या किंवा मुलीच्या अंगात असलेलं आपल्याला चालेल का. पुढे प्लुटोनियमसाठीची मर्यादाही याच आकड्यावरून काढली गेली. अमेरिकेत या कामगारांचा पाठपुरावा दशकानुदशकं चालला. शरीरातलं रेडियम मोजलेल्या २,३८३ जणांपैकी ६४ जणांना हाडाचा कर्करोग झाला, आणि हे सगळे हाडाला १० ग्रेपेक्षा (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) जास्त मात्रा मिळालेल्या २६४ जणांमधलेच होते. उरलेल्या २,११९ जणांत एकही नव्हता. काहींना कवटीतल्या पोकळ्यांचा कर्करोग झाला, कारण हाडातल्या रेडियमपासून सुटलेला वायू त्या पोकळ्यांत साठत होता.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. हाडात बसलेलं रेडियम जास्त असेल तर ते मारू शकतं. आणि मातीतून, अन्नातून आपल्या सगळ्यांच्या हाडांत जो अंश येतो तो त्या पातळीच्या कित्येक पटींनी खाली आहे. भीती कुठे योग्य आणि कुठे अनाठायी, हे त्या मुलींच्या हाडांनी आपल्याला शिकवलं.

रेडियमच्या पेशी मारण्याच्या गुणधर्माचा उपयोग औषधातही झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या मुळाशी रेडियम उपचारांची संस्था काढण्याचा विचार होता. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्यानंतर दोराबजी टाटांनी तो मनावर घेतला. रुग्णालय उघडलं १९४१ मध्ये. पुढे कर्करोगाच्या गाठीत ठेवायच्या रेडियमच्या सुयांची जागा अधिक सुरक्षित स्रोतांनी घेतली. आज रेडियम-२२३ हे हाडात पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं मान्यताप्राप्त औषध आहे. हाडाकडे जाण्याची तीच ओढ इथे रुग्णाच्या कामी येते. जागा आणि मात्रा बदलली की अर्थ बदलतो.

हवेत

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. जगातल्या माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबातलं एकक) मात्रा मिळते. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त येते ती एका वायूमुळे, रेडॉनमुळे. आणि रेडॉन येतो रेडियमपासून.

रेडियम-२२६ फुटलं की रेडॉन-२२२ होतो. रेडियम घन आहे, ते दगडात अडकून राहतं. रेडॉन वायू आहे, कशाशी संयोग पावत नाही, आणि त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस आहे. मातीच्या कणांमधल्या फटींतून वर यायला एवढा वेळ त्याला पुरतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो. घराखालून आला, तर फरशीच्या भेगांतून, नळांच्या कडेच्या फटींतून आत शिरतो आणि दारं-खिडक्या बंद असतील तर साठत राहतो.

खरी इजा रेडॉनपेक्षा त्याच्या पुढच्या पिढ्या करतात. श्वासातून आलेला बराचसा रेडॉन तसाच बाहेर पडतो. पण हवेतच फुटून त्याचे पोलोनियम, शिसं, बिस्मथ असे घन अणू होतात. ते धुळीच्या कणांना चिकटतात आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतात. त्यातलं पोलोनियम-२१८ काही मिनिटांत फुटतं, पोलोनियम-२१४ तयार होताक्षणीच. दोघंही अल्फा कण सोडतात, तेही जिवंत पेशींच्या अगदी अंगावर.

याचा पहिला फटका खाणकामगारांना बसला. सॅक्सनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांचा छातीचा रोग शतकानुशतकं लोकांना माहीत होता. तो फुप्फुसाचा घातक अर्बुद आहे हे १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे यांनी दाखवलं. त्याचा संबंध रेडॉनशी लावायला आणखी अर्धं शतक गेलं. आणि एवढं कळूनही १९४० ते १९६० च्या दशकांत अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या युरेनियम खाणींत नवाहो आदिवासींना हवा खेळती न ठेवता कामाला लावलं गेलं. फुप्फुसाच्या कर्करोगानं घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. भरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये.

अमेरिकेत घरांकडे लक्ष गेलं ते एका विलक्षण घटनेनंतर. डिसेंबर १९८४. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्राचं काम सुरू होतं. स्टॅन्ली वॉट्रस हा अभियंता दारातल्या किरणोत्सर्ग तपासणीतून गेला की धोक्याची घंटा वाजे. शेवटी लक्षात आलं की किरणोत्सर्ग तो केंद्रातून घरी नेत नव्हता, घरून केंद्रात आणत होता. त्याच्या घरातल्या हवेत घनमीटरमागे सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन निघाला. जागतिक आरोग्य संघटना घरांसाठी १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवते, आणि ती गाठणं शक्यच नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये म्हणते. म्हणजे ते घर हजार पटींनी वर होतं. उपाय मात्र अगदी साधा निघाला. फरशीखालून एक पाइप काढून, पंखा लावून, जमिनीतली हवा थेट छपरावर सोडायची. काही महिन्यांनी कुटुंब त्याच घरात परत राहायला गेलं.

धोका किती मोठा आहे याचं सर्वांत नेटकं उत्तर २००५ मध्ये युरोपातल्या तेरा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून आलं. घनमीटरमागे दर १०० बेकरेलला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. पण १६ टक्के कशाचे, हे पाहायला हवं. कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाला वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत हा रोग होण्याची शक्यता, रेडॉन शून्य धरला तर, ०.४ टक्के. ४०० बेकरेल असलेल्या घरात ती ०.७ टक्के होते. सिगारेट ओढणाऱ्याची शक्यता मुळातच १० टक्के. त्याच ४०० बेकरेलच्या घरात ती होते १६ टक्के. रेडॉन आणि धूर एकमेकांची बेरीज करत नाहीत, गुणाकार करतात. शिवाय तंबाखूच्या पानावरच्या चिकट लवीवर हवेतल्या रेडॉनच्या पुढच्या पिढ्या बसतात, त्यांतलं पोलोनियम-२१० विडी-सिगारेटच्या धुरातून छातीत जातं. म्हणून रेडॉनवरचा सर्वांत परिणामकारक उपाय कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी आधी सांगेन की विडी सोडा, आणि मग खिडकी उघडा.

पाण्यात आणि भिंतीत

खोल जमिनीतल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असले की खडकातून सुटलेलं रेडियम विरघळलेलंच राहतं. अमेरिकेतलं वॉकेशा हे विस्कॉन्सिन राज्यातलं शहर खोल वालुकाश्मातलं पाणी पीत होतं आणि त्यात रेडियम मर्यादेच्या वर निघालं. अनेक वर्षांच्या कज्ज्यांनंतर २०२३ मध्ये त्या शहराला मिशिगन सरोवराचं पाणी मिळालं. लिटरमागे रेडियम-२२६ साठी एक बेकरेल आणि रेडियम-२२८ साठी ०.१ बेकरेल ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी आहे. आपल्या भारतीय मानकातही पिण्याच्या पाण्यातल्या एकूण अल्फा आणि बीटा किरणोत्सर्गाला मर्यादा आहे. आपल्या गावागावांत विंधन विहिरी दरवर्षी आणखी खोल जात आहेत. आपण पाण्याचा खारेपणा तपासतो, फ्लोराइड तपासतो. अल्फा तपासणी क्वचितच करतो. ग्रॅनाइटच्या पट्ट्यातल्या खोल विहिरींची एकदा तरी ती व्हायला हवी.

भिंतींबद्दल स्वीडनचा धडा घ्यावा. तिथे १९२९ पासून काळ्या अलम शेलपासून हलकं काँक्रीट बनवत. त्या दगडात युरेनियम होतं, म्हणून काँक्रीटमध्ये रेडियम आलं. लाखो लोक त्या घरांत राहायला गेले, आणि उत्पादन थांबलं ते १९७५ मध्ये. आपल्याकडे हा प्रश्न दोन वाटांनी येतो. एक वाट खतांची. फॉस्फेट खडकात युरेनियम आणि रेडियम असतं. आम्लाची प्रक्रिया केली की रेडियमचा मोठा भाग जिप्सममध्ये जातो. या फॉस्फोजिप्समचे कारखान्यांजवळ डोंगर साठतात आणि ते बांधकामात वापरलं जातं. अणुऊर्जा नियामक मंडळानं त्यासाठी ग्रॅममागे एक बेकरेल रेडियमची मर्यादा घातली आहे. दुसरी वाट कोळशाच्या राखेची. कोळसा जळतो, रेडियम राखेत उरतं आणि दाट होतं. भारतीय कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते, त्यामुळे ही दाटी दोन-तीन पटींची. राखेच्या विटा वाईट नाहीत. त्यांनी सुपीक माती वाचते आणि राखेचे ढीग कमी होतात. वीट विकणाऱ्यानं रेडियमच्या मोजणीचा दाखला द्यावा, इतकीच माझी मागणी आहे. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याबद्दल बऱ्याच गृहिणी विचारतात. एक दगडी पाट, वर खिडकी, फोडणीच्या वेळी चालू असलेला पंखा. त्यापासून घाबरण्यासारखं काही नाही.

जिथे मुळातच जास्त आहे

इराणमधल्या रामसरला गरम झऱ्यांचं पाणी रेडियम वर आणतं, ते चुनखडीच्या थरात बसतं, आणि तोच दगड काही घरांत वापरला गेला. तिथल्या मोजक्या घरांत वर्षाला २६० मिलिसिव्हर्टपर्यंत मात्रा मोजली गेली आहे. आपल्या केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात थोरियम. तिथल्या सुमारे ७०,००० रहिवाशांचा सरासरी दहा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पार्श्वभूमीच्या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

या निष्कर्षाचा अर्थ जपून लावायला हवा. काही मंडळी त्यावरून किरणोत्सर्ग आरोग्याला चांगला, असं सांगतात. तसं त्या अभ्यासानं म्हटलेलं नाही. केरळातली जास्तीची मात्रा मुख्यतः बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांची आहे. थोरियमच्या साखळीतल्या थोरॉन वायूचं अर्धायुष्य मिनिटाहूनही कमी, त्यामुळे तो घरात रेडॉनसारखा साठत नाही. घरंही किनाऱ्यावरची, हवेशीर. मात्रा वाढली तरी फुप्फुसात शिरण्याची वाट अरुंद राहिली.

झारखंडमध्ये जादुगुडाला १९६७ पासून युरेनियमची खाण चालते. तिथले गावकरी आजारांबद्दल तक्रार करतात, सरकारी संस्था ती नाकारतात, आणि हा वाद वर्षानुवर्षं तसाच आहे. गावकऱ्यांनी स्वतः निवडलेल्या तज्ज्ञांसमोर हवा, पाणी आणि घरं मोजली गेली, आणि प्रत्येक आकडा संथाळीत, हिंदीत गावात लावला गेला, तर त्या वादाला उत्तर मिळेल. नुसत्या आश्वासनाला ते मिळणार नाही.

आपण काय करायचं

रेडॉन मोजायला मोठी यंत्रसामग्री लागते, असा समज आहे. प्रत्यक्षात लागते ती एक लहानशी डबी आणि तिच्यात नखाएवढा प्लास्टिकच्या फिल्मचा तुकडा. डबी तीन महिने खोलीत टांगून ठेवायची. आत शिरलेल्या रेडॉनचे अल्फा कण फिल्मवर आदळून सूक्ष्म जखमा करतात. मग ती फिल्म गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, साधारण ६० अंश सेल्सिअसला, दीड तास ठेवायची. जखमांची भोकं होतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि गणित करायचं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अशा मोजणीसाठी पिनहोल डोसीमीटर विकसित केला आहे आणि देशातल्या अनेक विद्यापीठांत तो वापरात आहे. पदवी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला हे काम सहज पेलतं. विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगला प्रकल्प मी सुचवू शकत नाही.

मोजायचं कुठे, याचा क्रम मी असा लावीन. आधी कामगार. खाणी, बोगदे, तळघरातली गोदामं, भूमिगत स्थानकं, जिथे माणसं दिवसाचे आठ-दहा तास जमिनीखाली असतात. मग पूर्व विदर्भातली तळमजल्यावरची घरं आणि शाळा. मग शहरांतली वातानुकूलित तळघरं. जुन्या घरांत झरोके होते, कौलांतून हवा खेळत होती. आता आपण काचा घट्ट बंद करून एसी लावतो, वीज वाचावी म्हणून फटी बुजवतो, आणि तळघरात दवाखाने, शिकवण्या, व्यायामशाळा काढतो. वरच्या मजल्यांना फारशी काळजी नाही, कारण रेडॉन मुख्यतः जमिनीतून येतो. जमिनीला टेकलेल्या बंद खोल्यांना काळजी आहे. तिथे आकडा जास्त निघालाच, तर भेगा बुजवणं, पाइप आणि पंखा बसवणं, हवा खेळती ठेवणं, एवढ्यात काम भागतं. घर सोडावं लागत नाही.

मोजणी थंडीत करावी, कारण त्या दिवसांत खिडक्या बंद असतात आणि रेडॉन सर्वाधिक असतो. आकडा आला की तो त्या घरातल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगावा, आणि गावाचा एकत्रित नकाशा जाहीर करावा. ऑरेंजच्या कारखान्यात खरं आधी कागदावर आलं होतं, कामगारांपर्यंत ते पोचू दिलं गेलं नाही. माणसं जशी रेडियमनं मेली तशी त्या मौनानंही मेली. म्हणून मोजणं हे अर्धंच काम आहे. सांगणं हे उरलेलं अर्धं.

या सभागृहात प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, नगरसेवक आहेत, बांधकाम क्षेत्रातली मंडळी आहेत. माझी तुम्हाला विनंती आहे. येत्या हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयानं तरी हे काम सुरू करावं. नगरपालिकेनं नव्या तळघराला परवाना देताना हवा खेळती ठेवण्याची अट घालावी. डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाला तंबाखूबद्दल विचारताना तो कुठल्या खोलीत, कुठल्या खाणीत, कुठल्या तळघरात राबला हेही विचारावं आणि नोंदवून ठेवावं. आणि पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत कुणीतरी उभं राहून आपल्या जिल्ह्याचे आकडे सांगावेत. ते कमी निघाले तर भीती जाईल, जास्त निघाले तर उपाय करता येईल. दोन्ही बाबतीत लोकांचं भलंच होईल.